पंपाशेजारचा वर्ग

आमच्या विद्यापीठाचं माहितीपुस्तक पाहिलं तर कुणालाही वाटेल की इथे शिकायला नाही, हवापालटाला यावं. मुखपृष्ठावर हिरवळ, कारंजं आणि कारंज्यापाशी पुस्तक उघडून बसलेली एक मुलगी. ही मुलगी कोण ते आजवर कुणाला कळलेलं नाही, कारण त्या हिरवळीवर पाय ठेवला की रखवालदार शिटी मारतो. आमचा वर्ग त्याच हिरवळीसमोरच्या इमारतीत, फक्त जिना खाली उतरून. तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी.

वर्गात सगळ्यात थोराड मी. वय बेचाळीस. पोरं मला मावशी म्हणतात आणि माझ्या डब्यावर डोळा ठेवून असतात. वीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटची नावं लिहिली, आणि लेक कॉलेजात गेली तशी मलाही अर्धवट सोडलेली पदवी पुरी करायची खुमखुमी आली. विषय संख्याशास्त्र. नवरा म्हणाला, "दुसरा एखादा सोपा आजार नव्हता का?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

माझा डावा कान लहानपणीच गेलाय. हे मी कुणाला सांगत नाही. ऐकू आलं नाही की मान डोलावते आणि वेळ मारून नेते.

पहिल्या सत्रात आम्ही वरच्या मजल्यावर होतो. तीन मोठ्या खिडक्या, बाहेर झाडं, आणि खोली इतकी शांत की खडूचा आवाजही मला ऐकू यायचा. शाळेत ज्या गणिताने मला रडवलं, ते मला त्या खोलीत कळायला लागलं. घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसायचे. मग त्या खोलीचा अतिथी कक्ष झाला, तिथे सोफे आले, आणि आमची रवानगी खाली झाली. खाली आधी मोडके बाक ठेवायचे. भिंतींना ओल, एक ट्यूबलाइट सतत लुकलुकणारी, आणि दर पंधरा मिनिटांनी सुरू होणारा पंप. तो पाच मिनिटं चालायचा, तेवढा वेळ माझा चांगला कानही निकामी. दोन महिन्यांत माझ्या वहीची पानं कोरी राहायला लागली. दोनदा मी जिन्यातूनच परत फिरले.

टिकले ते फक्त सरांमुळे. पोरं त्यांना मागून सरासरी सर म्हणायची. कंत्राटावरचे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बाकीचे शिक्षक पंपावर आवाज चढवून ओरडत. हे खडू ठेवत, हाताची घडी घालत आणि पंप थांबेपर्यंत उभे राहत. एकदा तास संपल्यावर मला थांबवून म्हणाले, "ताई, तुम्ही मान डोलावता तेव्हा तुम्हाला काही कळलेलं नसतं. मान डोलावू नका, विचारत जा." मी खोटं बोलणार होते, पण बोलून गेले, "डाव्या कानाने ऐकू येत नाही." त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या उजव्या बाजूला उभं राहून शिकवायला लागले.

खोली बदलून मिळावी म्हणून मी तीन अर्ज केले. तिन्हींची पोच आली, खोली आली नाही.

मग समाधान फॉर्मचा दिवस आला. दरवर्षी पोरं न वाचता सगळीकडे पाचाचं वर्तुळ काळं करून मोकळी होतात, कारण फॉर्म लवकर दिला की लवकर सुटता येतं. यंदा माझं डोकं फिरलेलं होतं. सहावा प्रश्न होता, वर्गातील वातावरण शिकण्यास पोषक आहे का. बारावा, शिकण्याबाबत एकूण समाधान. शब्दांत काही लिहायला जागाच नाही, नुसती एक ते पाच वर्तुळं.

फॉर्म भरताना शिक्षकाने वर्गाबाहेर थांबायचं असा नियम आहे. सर जाताना म्हणाले, "खरं भरा. खोट्या आकड्यांचा कुणालाच उपयोग नसतो." आणि बाहेर जाऊन पंपाशेजारी उभे राहिले.

दार लागल्याबरोबर मी उठले. "यंदा पाच-पाच करायचं नाही. इथे बसून कुणाला समाधान आहे? सगळीकडे एक द्या. वरच्यांना कळू दे."

"मावशी, सगळीकडे?" मागच्या बाकावरच्या लंबूने विचारलं.

"सगळीकडे. एखाद-दुसऱ्या एकाकडे कोण बघतंय?"

सत्तावीस जण होते. सत्तावीस जणांनी माझं ऐकलं. लंबूने तर शेवटी टाळ्या वाजवल्या. पेटी सील करून गेली, आणि मी इतकी खूश की त्याच दुपारी चौथा अर्ज लिहून गुणवत्ता विभागात घेऊन गेले. म्हटलं, लोखंड तापलंय तोवर घाव घालावा.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. "खोलीचं इथे नाही."

"अहो, आजच्या फॉर्मात सगळ्या वर्गाने खोलीला एक दिलाय. सहावा प्रश्न बघा."

"तो फॉर्म खोलीचा नाही, मॅडम. खोलीसाठी फॉर्मच नसतो. परिसराबद्दल आम्ही पाहुण्यांचं मत घेतो, वरती, अतिथी कक्षात." त्यांनी चष्मा काढला. "तो फॉर्म ज्यांच्या तासाला भरला त्या शिक्षकाचा. बाराही प्रश्नांची मिळून सरासरी काढतात. तीनच्या खाली गेली की करार संपला."

मी म्हटलं, पेटी उघडा. त्या म्हणाल्या, सोमवारी समिती उघडेल. मी म्हटलं, मी लिहून देते, चूक माझी आहे, मीच सगळ्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तर प्रकरण आणखी वाढेल. मी हात जोडले. बेचाळीस वर्षांत असे मी कुणापुढे जोडले नव्हते. बाईंनाही वाईट वाटलं असावं, कारण त्या हळूच म्हणाल्या, "जे आज गैरहजर होते ते पाचपर्यंत इथे येऊन भरू शकतात."

एकतीसमधले चार. साडेतीन वाजले होते. मी लंबूला गाठलं, त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "सर गेले तर मी नापासच," एवढंच म्हणाला आणि फोन लावायला लागला. एकीला ताप होता, ती भावाच्या गाडीवर आली. दोघं खेळाच्या मैदानावर सापडले. चौथा बसस्टॉपवर, बस आलेली असताना. मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढला, आणि त्याने काहीही न विचारता माझ्याबरोबर पळायला सुरुवात केली. चौघांनी सगळीकडे पाच दिले. पाच वाजायला चार मिनिटं होती.

पोरं गेली. मी तळघरात पिशवी घ्यायला आले आणि का कोण जाणे, खडू उचलला. सत्तावीस गुणिले एक. चार गुणिले पाच, वीस. बेरीज सत्तेचाळीस. भागिले एकतीस.

उत्तर आलं दीड, वर थोडं.

दोनदा तपासलं, दोनदा तेच. खरं म्हणजे हे मला साडेतीनलाच कळायला हवं होतं. फळ्यावर मांडल्याशिवाय मला काही कळत नाही, आणि फळ्यावर मांडायला मला त्यांनीच शिकवलं. ती खोली वाईट होती आणि त्या खोलीतलं शिकणं चांगलं होतं. फॉर्मला ते वेगळं करता आलं नाही, पण मलाही कुठे आलं?

सर डस्टर न्यायला आले. फळ्याकडे बघून थांबले.

"हे कशाचं?"

मी सगळं सांगितलं. पेटीचं, माझ्या भाषणाचं, त्या चौघांचं. रडणार नव्हते, पण रडले. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग फळ्यापाशी गेले आणि ओळीवरून बोट फिरवत वाचत गेले.

"उदाहरण बरोबर आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात पंप सुरू झाला. ते आणखी काहीतरी बोलले. माझ्या डाव्या बाजूला उभे होते, कानाचं कळल्यापासून पहिल्यांदाच. माझी मान आपोआप हलायला लागली. मी ती थांबवली.

"सर, ऐकू आलं नाही," मी ओरडून म्हणाले.

त्यांनी हाताची घडी घातली. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या आवाजात तसेच उभे राहिलो. पंप बंद झाला. ते फिरून माझ्या उजव्या बाजूला आले.

"म्हटलं, माझ्या जागी जे नवीन येतील त्यांना पहिल्याच दिवशी कानाचं सांगा, ताई. दोन महिने थांबू नका."

मग त्यांनी डस्टर उचललं आणि माझं उदाहरण पुसायच्या आधी विचारलं, वहीत उतरवून घेतलंत का.