बिनधुराचा कोळसा

"न्हाई म्हंजे न्हाई, इन्साफकाकी. हा कोळसा शेताचा हाय, घरात जाळायचा न्हाई."

इन्साफकाकी माझ्या भिंतीपलीकडची. तिची सून नजात नुकती बाळंत झालेली, आन् ऐन हिवाळ्यातल्या तूबा महिन्याची थंडी हाडात शिरत व्हती. काकी सकाळीच घमेलं घेऊन दारात उभी.

पूर्वी कापूस निघाला की समदं गाव पऱ्हाट्या जाळायचं, धुरानं डोळं फुटायची पाळी यायची. आता आमचे मालक मेतवल्ली त्या पऱ्हाट्या लोखंडी पिंपात कोंबतात, झाकण गच्च बसवतात आन् खालून जाळ घालतात. आत वारा न्हाई, म्हणून पऱ्हाटी पेटत न्हाई, नुसती भाजून निघते. धुराची नळी कालव्याच्या पाण्यातनं नेलीय. तिथं धूर निवतो आन् काळं तेल ठिबकतं. पिंपात उरतो त्यो कोळसा. त्याचा भुगा करायचा आन् वाफ्यात मिसळायचा.

"धूर तर येत न्हाई त्याचा," काकी म्हणाली. "मग भ्या कशाचं?"

"माझी कोंबडीची पिल्लं त्याच्याच उबेला ठेवली व्हती. दार लावून घेतलं, तर समदी मेली."

"तुझी पिल्लंच मरतुकडी. द्यायचं न्हाई तर सरळ सांग, रावहिया. चिकट ती चिकट, वर कारणं सांगतीस."

काकी फणकाऱ्यानं गेली. म्या बी दार आपटलं. बरं झालं, पिडा टळली, म्हणलं.

त्याच दुपारी नजातच्या पोरीचा सातवा दिवस व्हता. भांडण असलं तरी सातव्याला शेजारीण गेली न्हाई तर गाव तोंडात शेण घालंल, म्हणून गेले. बाहेर पाऊस भुरभुरत व्हता. पुढच्या खोलीत बाया दाटीनं बसल्या व्हत्या, बाळंतिणीसाठी करतात त्यो तुपातला गरम मोगात पीत. काकीनं आतल्या खोलीतनं पोर आणली, सातव्याच्या मोठ्या चाळणीत निजवली. मागनं नजात भिंत धरून आली आन् तिथंच टेकली.

"गाल बघा कसे लालबुंद झालेत बाळंतिणीचे," एक बाई म्हणाली. "काकीनं तूप खाऊ घातलंय."

मग रिवाजापरमानं काकीनं पितळी खलबत्ता पोरीच्या कानाशी धरला आन् बडवायला लागली. "आजीचं ऐक गं, बापाचं ऐकू नको. आजीचं ऐक."

खण खण खण. माझेच कान किटले. पोर हालली न्हाई. पापणी सुद्धा लवली न्हाई.

"काय धीराची पोर हाय," बाया हसल्या. "कुणाला भ्यायची न्हाई ही."

सात दिवसांचं लेकरू, आन् दचकत न्हाई? म्या नजातकडं बघितलं. तिची मान कलली व्हती.

"नजात, डोकं दुखतंय का गं?"

"सकाळपास्नं ठणकतंय, ताई," ती पुटपुटली. "लई झोप येती."

म्या आतल्या खोलीत घुसले. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, आन् खाटंखाली घमेलं. घमेल्यात माझ्या पिंपातला कोळसा, लालभडक, धुराचा मागमूस न्हाई. म्या दार आपटून घरात वळल्यावर मागनं माझ्या अंगणातल्या ढिगातला भरून आणला व्हता बाईनं.

खरं सांगते, एवढी भ्याले न्हवते कधी. पुढच्या खोलीत येऊन चाळणीतनं पोर उचलली आन् तशीच अंगणात पळाले.

"अगं, वारा लागंल तिला," काकी मागनं धावली. "मारतीस का माझ्या नातीला?"

"कोळशानं मरतीय ती, काकी. नजातला बाहेर वढा. समदी दारं उघडा."

दोघी बायांनी नजातला फरफटत आणलं. गार वारा लागताच ती भडाभडा ओकली. पोर मातर माझ्या हातात लुळी. तळवे चोळले, पाठ चोळली, तोंडावर पाऊस पडू दिला. काकी माझ्या पायाशी चिखलात बसली व्हती. म्या मनात पिल्लं मोजत व्हते, ती बी अशीच मऊ लागली व्हती हाताला.

मग पोरीनं एक पाय झाडला. तोंड वाकडं केलं. आन् असा टाहो फोडला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

एक म्हातारी घाईनं पुढं झाली. "दूध पाजा, गप करा तिला."

"कुणी हात लावू नका," इन्साफकाकी चिखलातनंच म्हणाली. "रडू द्या. मला ऐकू द्या."