दगडी खांबापासून बावीस पावलं

"फाटकापासून मोजू नकोस, पोरी. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या दगडी खांबापासून मोज. पाठ देवळाकडे, तोंड वाऱ्याकडे. बावीस पावलं. सापडली की तिला नावाने हाक मार. मोठ्याने. अजून कुणीच मारलेली नाही."

आजी युलियाना हे बोलली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तिच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने तिचे ओठ टिपत होते. बोलता बोलता ती डाव्या हाताने उजवी बाही पिळत होती. बाही कोरडी होती. कोरडी बाही पिळायची तिची जुनीच खोड. मिस्सेला, देवळातल्या उपासनेला, गुडघ्यांवर असतानासुद्धा पिळायची, आणि मागच्या बाकांवरच्या बायका हसायच्या, "युलियानाचं धुणं काढलंय बघा."

"हाक मारीन," मी म्हटलं. आणि त्याच दिवशी नेम धरला: ती सापडेपर्यंत कॉफीत साखर घालायची नाही.

ती म्हणजे आजीची धाकटी बहीण. एका दिवसाची.

आमचे वांगलर लोक, मूळचे जर्मन, रशियातली काळ्या समुद्राकाठची जमीन सोडून नॉर्थ डकोटाच्या या माळावर आले, त्याला ती जन्मली तेव्हा तीन वर्षं झाली होती. झाड नाही, लाकूड नाही. घर गवताळ ढेकळांचं, चुलीत शेणाच्या गोवऱ्या. सन अठराशे त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत पणजी रोझिनाला सातव्या महिन्यातच कळा लागल्या. पणजोबा बाल्थाझार सुईणीला आणायला निघाला आणि वादळात शेजारच्या वस्तीवर अडकला. घरात आई बेशुद्ध, बाळ निळं पडलेलं, आणि नऊ वर्षांची युलियाना. बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं. गोवऱ्या संपल्या होत्या.

आमच्यात पोरांना पहिल्या प्रार्थनांबरोबरच शिकवतात, की पाद्रीबाबा जवळ नसले आणि जीव जात असला, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी आणि शब्द, एवढंच लागतं. युलियानाने दार उघडलं, मूठभर बर्फ आत घेतला, बाळाच्या कपाळावर धरला आणि शब्द म्हटले. नावही ठेवलं; ते तिने पुढे फक्त मला सांगितलं. संध्याकाळी बाळ गेलं.

जमीन गोठलेली, म्हणून पणजोबाने गाडीची मागची फळी मोडून पेटी केली आणि ईस्टरपर्यंत छपरावरच्या बर्फात ठेवली. तो लोहार होता. एक छोटा लोखंडी क्रूसही केला, मधे बदाम, भोवती सहा किरणं. ईस्टरला पाद्रीबाबा आले. त्यांनी पोरीला समोर उभं केलं आणि विचारलं, "पाणी होतं की बर्फ?"

"बर्फ," युलियाना म्हणाली. खोटं बोलणं तिला ठाऊकच नव्हतं.

म्हणून पेटी कुंपणाबाहेर गेली. बाप पुढे पेटी घेऊन, ही मागे त्याची पावलं मोजत. क्रूस लावू दिला नाही. तो गवताच्या माळ्यावर पडून राहिला, मग आजीच्या पेटाऱ्यात, आणि ती गेल्यावर माझ्या. बाप्तिस्मा नसलेलं लेकरू ना स्वर्गात जातं ना नरकात, काठावर उभं राहतं, असं आजीला शिकवलं होतं. त्रेपन्न वर्षं तिने आपल्या बहिणीला त्या काठावर उभी बघितली. डोळे मिटले की दिसते म्हणायची.

मी लग्न होऊन पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदांच्या बागांत गेले आणि सदतीस वर्षांनी विधवा होऊन परतले. क्रूस जाताना नेला होता, येताना आणला. रोज पहाटे उपाशीपोटी जपमाळ करते. आजी गेल्यापासून चौथ्या दशकाचा, म्हणजे चौथ्या दहा मण्यांचा, पहिला मणी धरला की माझ्या उजव्या हाताची बोटं गार पडतात. भर ऑगस्टमध्येसुद्धा. नवऱ्याला एकदा सांगितलं, तो म्हणाला हातमोजे घाल. पुढे कुणाला सांगितलं नाही. मणी सोडला नाही, बोटंही लपवली नाहीत.

परत आल्यावर दरवर्षी मी दफनभूमीत जायची. उत्तरेच्या कोपऱ्यात तोच दगडी खांब, त्यावर कोरलेला तोच क्रूस, लहानपणी आम्ही ज्याला पाठ लावून उंची मोजायचो तो. तारेखालून वाकून जायची, आणि बावीस पावलं सूर्यफुलांच्या शेतात. तिथे नांगरलेली काळी माती. दगड नाही, खूण नाही. नुसतंच नाव हवेत मारायचं नाही म्हणून गप्प उभी राहून परत यायची.

या वर्षी घराणं इथे आल्याला शंभर वर्षं झाली. माझा चुलतभाऊ पियुस शाळेत भूगोल शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून त्याला पूर्वजांचं वेड लागलंय. ऑगस्टभर आम्ही दोघं दफनभूमीत ओळीओळीने फिरलो. लोखंडी क्रुसांवरची रंगवलेली नावं केव्हाच गेली होती. पण पणजोबाचा हात ओळखू यायचा. मधे बदाम आणि भोवती किरणं असली की ते आमच्यापैकी कुणीतरी. नाव कोणाचं, ते पियुसने देवळाच्या जुन्या वहीतून जुळवायचं.

"एकतीस," तो एका दुपारी घाम पुसत म्हणाला. "एकतीस वांगलर. सर्व मृतांच्या दिवशी सगळ्यांची नावं वाचणार आहे मी. पाद्रीबाबांनी परवानगी दिलीय."

आमच्यात दर दोन नोव्हेंबरला मिस्सा झाली की दफनभूमीत उभं राहून गेलेल्यांची नावं वाचतात. ज्याचं नाव वाचलं जातं, तो आपला. बाकी गवत.

"बत्तीस," मी म्हटलं.

"अगं थेक्ला, दोनदा मोजलेत."

"एक बाहेर आहे."

पियुसला गोष्ट ठाऊक होती, सगळ्यांनाच अर्धीमुर्धी ठाऊक होती. त्याने चष्मा काढला. "हे बघ, यादी देवळाची आहे, माझी नाही. वहीत जे नाही ते मी वाचू शकत नाही. आणि ती कुठेय ते तरी ठाऊक आहे का तुला? सूर्यफुलांना विचारणार?"

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले, खांबाला पाठ लावली आणि चालायला लागले.

"काय गं थेक्ला, तिसरं वर्ष बघतोय मी!" मागून रोखुसचा आवाज आला. रोखुस माझ्याच वर्गातला. आता दफनभूमीचं गवत तोच कापतो, त्याआधी त्याचा बाप कापायचा आणि थडगीही तोच खणायचा. "सूर्यफुलं चोरायची असतील तर सरळ सांग ना, एक पोतं घरी आणून टाकतो."

"मोजतेय."

"काय?"

"पावलं. या खांबापासून. आजीने सांगितलेली."

"तुझी आजी जाऊन किती वर्षं झाली?"

"चव्वेचाळीस."

रोखुस कुंपणाला टेकला आणि हसायला लागला, खोकला येईपर्यंत. "अगदीच भोळी बाई आहेस तू. अगं, खांबाला आम्ही चालवलंय! एक्कावन्न साली. आतली जागा संपली म्हणून कुंपण चाळीस पावलं उत्तरेला सरकवलं. हा खांब मी आणि माझ्या बापाने दोन घोडे लावून ओढत आणला. ही करंगळी बघ. याच्याखाली गेली होती."

करंगळी चपटी होती. मी ती बघत राहिले. एक्कावन्न साली मी सफरचंदं खुडत होते. खांब ओळखीचा, म्हणून जागाही तीच, असं मी धरून चालले होते. तीन वर्षं मी दुसऱ्याच्या शेतात उभी होते.

"मग आधी कुठे होता?"

"ते लायलॅकचं झुडूप दिसतंय ना, त्याच्या मुळाशी. दर वसंतात तिथली जमीन अजून खचते. मीच भर टाकतो."

मी लायलॅकपाशी गेले. पाठ देवळाकडे, तोंड वाऱ्याकडे. पणजोबा उंच होता, म्हणून पाय लांब टाकत मोजायला लागले. रोखुस शेजारून चालत होता आणि बडबडत होता, अमक्याचं थडगं, तमक्याची उधळ्या सुनेने घेतलेली महागडी शिळा. सोळाव्या पावलाला त्याची बडबड थांबली. बाविसाव्याला मी थांबले.

दोन शिळांच्या मधे एक रिकामी जागा होती. एका माणसाच्या रुंदीची. अख्ख्या ओळीत तेवढीच.

"इथे कुणी नाही?" मी विचारलं.

रोखुसने टोपी काढली. "बापाने त्रेपन्न साली म्हाताऱ्या फोल्कसाठी इथेच खणायला घेतलं होतं. कुदळीला फळी लागली. छोटी पेटी, हाताएवढी. त्याने माती परत लोटली, फोल्कला पलीकडे घातलं आणि कुणाला बोलला नाही. मरताना मला म्हणाला, तिथलं गवत काप, पण खणू देऊ नकोस. कुणीतरी आधीच निजलंय." त्याने टोपी हातात फिरवली. "निळा रंग होता म्हणे फळीला."

"पणजोबाची गाडी निळी होती, आजी सांगायची," मी म्हटलं.

गुडघे टेकले. चार आठवडे पाऊस नव्हता. गवत हाताखाली करकरत होतं. मी उजवा तळवा जमिनीवर टेकवला आणि 'प्रणाम मारिया'ची प्रार्थना सुरू केली. संपवून हात उचलला, तर बाही ओली होती. मनगटापासून कोपरापर्यंत. गार, चिकटलेली, जसा बर्फ हातात वितळून आत ओघळावा तशी.

"घाम आला गं?" रोखुस म्हणाला.

मी बाही पिळली. दोन थेंब गवतावर पडले. रोखुसने ते बघितले. मग तो गवत कापायच्या यंत्राकडे निघून गेला, पण यंत्र चालू केलं नाही.

संध्याकाळी मी पियुसकडे गेले. तो स्वयंपाकघरात बसून साईचा कूखन, आमच्यातला गोड केक, खात होता, टेबलावर वहीच्या नकलांचे कागद पसरलेले.

"अठराशे त्र्याण्णवचा ईस्टर वाच," मी म्हटलं.

"वाचलाय. शंभरदा वाचलाय."

"मोठ्याने वाच, पियुस."

त्याने कागद शोधला. "मुलगी, बाल्थाझार आणि रोझिना वांगलर यांची. नाव नाही. बहिणीच्या सांगण्यानुसार बर्फाने बाप्तिस्मा. बर्फ म्हणजे पाणी नव्हे. कुंपणाबाहेर." त्याने वर बघितलं. "झालं? बर्फ. तुझ्या आजीने स्वतः सांगितलंय."

"तिला विचारलं, पाणी की बर्फ. तिने हातात काय होतं ते सांगितलं. बाळ जिवंत होतं, पियुस. त्याचं कपाळ गरम होतं."

त्याने कागद खाली ठेवला.

"आजी आयुष्यभर कुठली बाही पिळायची?"

"उजवी," पियुस हळूच म्हणाला. त्यानेही बघितलं होतं. लहानपणी तोही हसला होता. "आम्ही तिला धोबीण म्हणायचो."

"बर्फ वितळला, आणि त्याचं पाणी बाळाच्या कपाळावरून ओघळून तिच्या बाहीत गेलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी बाहीबद्दल विचारलंच नाही. तिला स्वतःलाही कळलं नाही की ती काय पिळतेय."

मी माझी बाही पुढे केली. अजून ओलसर होती. पियुसने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग उठून स्वतःच्या बशीतला उरलेला कूखन कोंबड्यांच्या डब्यात टाकला, जसं काही घरात सुतक लागलं होतं.

"पाद्रीबाबांना तू सांगणार की मी?" हात पुसत तो म्हणाला.

"तू सांग. तुझं ते ऐकतात."

"आणि वाचू काय? वहीत नाव नाहीये."

मी पेन्सिल घेतली आणि त्याच्या यादीच्या खाली, एकतिसाव्या नावानंतर, एक नाव लिहिलं. मोठ्याने म्हटलं नाही. ती हाक स्वयंपाकघरात मारायची नव्हती. ती सर्व मृतांच्या दिवशी, तिच्यापाशी जाऊन, तिचा क्रूस लावतानाच मारायची होती.

पियुसने ओठ हलवून वाचलं. "अगदी आपल्या काळ्या समुद्राकडचं," तो म्हणाला आणि नाक पुसलं. "पाद्रीबाबा हो म्हणाले तर वाचीन."

ते हो म्हणाले की नाही हे मी पियुसला नंतर विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही. मात्र परवा त्याने यादीची टंकलेली प्रत माझ्या दारात टाकली. शेवटच्या ओळीवर मी हात ठेवला आणि वाचली नाही.

आज दोन नोव्हेंबर. रात्री पहिला बर्फ पडला, बोटभर. मिस्सा दहाला आहे, सगळे वांगलर तेव्हा येतील, बिस्मार्क शहराहून मोटारी भरून. मी पहाटे जपमाळ केली. चौथ्या दशकाचा पहिला मणी धरला आणि थांबले. बोटं गार पडली नव्हती. मी मणी हातात धरून बराच वेळ बसले. सुटका झाली म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण चव्वेचाळीस वर्षांची सोबत उठून गेल्यासारखं वाटलं. मग पुढचे मणी केले.

कॉफी उकळली. साखरेचा डबा फळीवर होता तिथेच ठेवला. साखर घालायची ती हाक मारून परत आल्यावर.

पेटाऱ्यातून क्रूस काढला. बदाम, सहा किरणं. जवळजवळ शंभर वर्षं जमिनीत न गेलेलं लोखंड, टोकाला अजून पणजोबाच्या हातोडीचे ठोके. शालीत गुंडाळला. दार उघडलं तेव्हा उजाडत होतं आणि वारा उत्तरेकडून होता. पायरीवरचा मूठभर बर्फ उचलला, मूठ घट्ट मिटली, आणि तो वितळून बाहीत उतरायला लागला तशी मी दफनभूमीच्या रस्त्याला लागले.