न घासलेली सायकल

फ्रेमवर रंगाचा पहिला हात बसला आणि आमचा हॉल वीतभर आखूड झाला. टीव्हीचं टेबल सरकून माझ्या गुडघ्याला लागलं. ह्यांनी स्प्रेचा डबा हलवला, आतली गोळी खुळखुळली.

"बघ शालन, कसा बसलाय रंग!"

बसला होता गंजावर. पॉलिश पेपर मी स्वतः आणून दिला होता, त्याची सुरळीसुद्धा ह्यांनी सोडली नव्हती. कोरगावकरांच्या घरात घासायची पद्धतच नाही. सासऱ्यांनी मरायच्या आधी ही भिंत रंगवली ती पालीसकट. पाल अजून तिथेच आहे, गुलाबी, आणि अधूनमधून चुकचुकते.

सायकल माझी. उद्या दसरा, आणि उद्यापासून मी तिच्यावरून शिवणाच्या कारखान्यात कामाला जाणार होते, लग्नानंतर पहिल्यांदाच. हे कळल्यावर ह्यांना सायकलीचा एकदम पुळका आला. चाकं काढून माळ्यावर टाकली, फ्रेम पंख्याच्या हुकाला टांगली आणि खिडक्या लावून घेतल्या. वाऱ्याने रंग उडतो, एवढी अक्कल मात्र होती.

"अहो, आधी खरवडा. नाहीतर भिंती आणखी पुढे येतील."

"घासायला कोण बसणार? वरून एक हात मारला की झालं."

दुसऱ्या हाताला सोफा उभा राहिला. तिसऱ्याला खिडकी कपाटामागे गेली. फ्रेम मांडीएवढी जाड झाली. हे खूश. जिथे रंग नको तिथे मन लावून वर्तमानपत्र चिकटवत होते: बटणांना, देवाच्या फोटोला, माझ्या तोंडाला. मी कागद ओरबाडून काढला.

"दार तरी सोडा. मला उद्या निघायचंय."

"दारालापण मारतो की थोडा. मॅचिंग होईल."

मारला. दाराची भिंत झाली. कडी तेवढी उरली, तीही लोण्यात बुडावी तशी आत गेली. असल्या माणसाची मला किळस येते. लग्नाच्या दिवशीच आली होती, पण पंगती बसल्या होत्या.

आता आम्ही दोघं नाकाला नाक लावून उभे होतो. दार ह्यांच्या पाठीमागे.

"हलू नकोस, ओला आहे," हे म्हणाले.

मी पॉलिश पेपर उलगडला. दारापर्यंत हात पोचत नव्हता, ह्यांच्यापर्यंत पोचत होता. गालापासून सुरुवात केली. गाल निघाला, खालून सासरे निघाले.

"घासायला कोण बसणार?" सासरे म्हणाले.

त्यांनाही घासलं. खालून त्यांचे वडील निघाले, फेट्यासकट.

"वरून एक हात मार की पोरी," ते म्हणाले.

भुकटी घोट्यापर्यंत आली. पेपर गुळगुळीत झाला तेव्हा मी नखं लावली. फेट्याखालून आणखी कुणीतरी, आणखी बारीक आवाजात म्हणालं, "शालन, ओला आहे."

लोखंड अजून लागलं नव्हतं.