पासपोर्ट हॉट प्रेसमध्ये आहे

लक्षण चौथं : पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

*

लिमरिकच्या थंडीत दही लागत नाही. हॉट प्रेसमध्ये लागतं. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. आयरिश लोक त्यात टॉवेल ठेवतात.

*

"वहिनी, कवा येताय? नव्या वर्षात निवडणूक लागतीया, पक्कं. घरातलं मत घरात पायजे. आपला रविंद्र." खाली जोडलेले हात, गुलाब, पुन्हा जोडलेले हात.

*

मलावी देशातल्या झोम्बा गावच्या मिसेस फिरी यांनी माइक चालू केला की आधी त्यांचा कोंबडा बोलतो.

*

घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरता येईल. (सरकारी नियम, नोव्हेंबर २०२०.)

*

आई, विमानं बंद आहेत. (सरकारी नियम नव्हे.)

*

एका गुरुवारी दुपारी दोन वाजता हे सगळं एकाच लॅपटॉपवर येऊन आदळलं.

लॅपटॉप साक्षीचा. साक्षी तीस वर्षांची, तासगावकडची. आयर्लंडातल्या लिमरिकला एम.ए. करायला आली आणि तिथेच विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्रात नोकरीला चिकटली. केंद्राचं काम आफ्रिकेतल्या शाळामास्तरांना मानवी हक्क कसे शिकवावेत ते शिकवणं. आधी केंद्राच्या प्रमुख डॉ. नोरा हेफर्नन बॅग भरून स्वतः तिकडे जात. मग करोना आला, सगळेच घरी बसले, आणि मलावी, घाना, युगांडा, झांबिया इथल्या बावीस शिक्षकांचा वर्ग साक्षीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरू लागला. नियम, तक्ते, प्रश्नावल्या, सगळं साक्षीने लिहिलेलं. त्यातही 'घरात राबवलं जाणारं माणूस कसं ओळखाल : बारा लक्षणं' हा तक्ता तिचा विशेष लाडका. आपलं मूल हुशार निघालं की आया जशा बघतात, तशी ती त्या तक्त्याकडे बघायची.

आणि त्याच स्वयंपाकघरात तिची स्वतःची आई. लीलावती. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आता दहावा महिना लागत होता.

लीलावतींना गावी जायचं होतं. हे त्या सकाळी चहाबरोबर सांगत आणि रात्री ताटं उचलताना पुन्हा सांगत. कारण एकच.

"मत द्यायचंय."

"आई, ग्रामपंचायतीच्या एका मतासाठी कुणी अर्धी पृथ्वी ओलांडतं का?"

"एकच असतंय गं परत्येकाचं."

यावर साक्षी म्हणे, विमानं बंद आहेत.

पासपोर्ट निळ्या फाइलीत होता आणि फाइल हॉट प्रेसच्या वरच्या फळीवर. दमट हवेत कागदांना बुरशी धरते म्हणून, असं साक्षी सांगायची. खरं कारण वेगळं होतं. गावात आई एकटी, साठी उलटलेली, घरची पिठाची गिरणी, दिवसाला शंभर माणसं तोंडासमोर येऊन दळण टाकणार, आणि त्यात हा आजार. हे झालं खरं कारण. त्याच्याही खाली आणखी एक होतं. दिवसभर बावीस जणांना हक्क शिकवून साक्षी लॅपटॉप मिटायची, तेव्हा तव्यावर भाकरी फुगलेली असायची. हे कारण साक्षी स्वतःलाही सांगत नसे.

तर त्या गुरुवारी तक्रार ऐकून घेण्याचा सराव होता. तक्रारदार मोलकरणीचं काम करायला आयर्लंडातल्याच मलिंगार गावची एक हौशी नटी ठरली होती. दोनला पाच मिनिटं कमी असताना तिचं इंटरनेट गेलं.

"तुझ्या घरात कुणी आहे का?" नोराबाईंनी पडद्यावरून विचारलं. "दहा मिनिटांचं काम. होईल गं, ग्रँड होईल."

आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्यदिव्य नव्हे. ग्रँड म्हणजे चालतंय, कुणी मरत नाही. साक्षीने मागे वळून बघितलं. लीलावती मटकी निवडत होत्या.

"आई, जरा इथं येऊन बस. तू मोलकरीण आहेस असं समजायचं."

"समजायचं काय त्यात?"

"अगं, नाटक आहे. ते विचारतील, तू काहीतरी सांग."

"कायतरी न्हाई सांगणार. कोर्टात साक्षीला बसवल्यागत बसवतीस आन् खोटं बोलाय लावतीस? इच्यारतील त्येचं खरं सांगीन."

साक्षीला वाटलं, बरंच झालं. खरं सांगितलं तर बाराही रकाने कोरे राहतील. कोरा तक्ता कसा दिसतो हेही शिक्षकांना कळलं पाहिजे.

कोंबडा आरवला. त्याच्यामागून मिसेस फिरी म्हणाल्या, "नमस्कार, मामा."

"मला मामा का म्हणतीया ही?"

"तिकडे आईला म्हणतात."

"मग मामाला काय म्हणत्यात?"

"आई, प्लीज."

मिसेस फिरी सदतीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली वीस मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा लावला आणि तक्ता समोर धरला. "मामा, तुमचं काम किती वाजता सुरू होतं?"

"सहाला. ही उठती आठाला, पर मला जाग येती. मग केर काढती, मग हिची न्याहरी."

"सहाला," साक्षीने भाषांतर केलं.

"आठवड्याची सुट्टी?"

"सैपाकाला कसली सुट्टी? पोटाला असती व्हय सुट्टी?"

"नाही," साक्षी म्हणाली.

"घराबाहेर एकट्या जाता?"

"गेलती एकदा, पुलापातुर. पुलावर एक म्हातारा हुता, चांगला बोलला, कुत्रं दाखवलं. घरी आले तर हिनं रडून गोंधळ घातला. तवापास्नं ही संगं असल्याबिगर न्हाई."

"क्वचित," साक्षी म्हणाली.

मिसेस फिरींनी चष्मा खाली घेतला. "मामा एवढं बोलल्या. तुझं भाषांतर एवढंसं कसं?"

घानातल्या कुमासी शहरातून मिस्टर ओफोरींनी हात वर केला. नागरिकशास्त्राचे शिक्षक, टाय कधी सैल न करणारे. "एक शंका. दुभाषी कोण आहे?"

"मी," साक्षी म्हणाली.

"आणि या बाई कुणाच्या घरी काम करतात?"

"माझ्या. म्हणजे, काम नाही, त्या माझी—"

"मग नियम पाच," ओफोरी म्हणाले. "ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने भाषांतर करू नये."

नियम पाचही साक्षीनेच लिहिला होता. ठळक अक्षरात.

"काय म्हणतोय टायवाला?"

"तुझं बोलणं मी सांगू नये म्हणतोय."

"बराबर हाय त्येचं."

असं म्हणून लीलावतींनी मटकीचं ताट बाजूला सारलं, पदर नीट केला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि फळ्यासमोर उभं केल्यासारखं ताठ बसून सुरुवात केली :

"माय नेम इज लीलावती. दिस इज माय डॉटर. शी इज अ गुड गर्ल. माय पासपोर्ट इज विथ हर."

साक्षी खुर्चीतून अर्धी उठली. "तुला इंग्रजी बोलता येतं?"

"पाचवीचं पुस्तक तुझ्याकडनं पाठ कुणी करून घेतलं? शेजाऱ्यानं?"

"मग दहा महिने मी भाषांतर करतेय ते?"

"तू काय काय गाळतीस ते बघत हुते."

बावीस चौकोनांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं, पण बावीसही जण सरसावून बसले. आईने मुलीला पकडलंय हे कुठल्याही भाषेत कळतं.

"मामा," मिसेस फिरींचा आवाज मऊ झाला, "पासपोर्ट कुठे ठेवलाय?"

"पासपोर्ट इज इन द हॉट प्रेस."

इथे गडबड झाली. आयर्लंडात कपाटाला प्रेस म्हणतात, एवढं लीलावती शिकल्या होत्या. पण आयर्लंड सोडलं की प्रेस म्हणजे वर्तमानपत्रं. ओफोरी उभेच राहिले. "प्रेसकडे गेलं? तक्रारदाराच्या संमतीशिवाय?" लुसाकाहून कुणीतरी विचारलं, कोणता पेपर? कम्पालाहून प्रश्न आला की प्रेस हॉट आहे म्हणजे बातमी छापून आलीसुद्धा का?

"एव्हरी डे," लीलावतींनी खुलासा केला, "आय पुट कर्ड इन द हॉट प्रेस."

पत्रकारांना रोज दही घालणारी बाई वर्गातल्या कुणाच्याच पाहण्यात नव्हती. शेवटी नोराबाई हसत हसत उठल्या, स्वतःचा लॅपटॉप उचलून घरातल्या हॉट प्रेसपाशी गेल्या, दार उघडलं आणि बावीस शिक्षकांना आपले टॉवेल दाखवले.

"कुलूप आहे का त्याला?" मिसेस फिरींनी मूळ मुद्दा सोडला नव्हता.

"नो लॉक."

"मग तुम्ही स्वतः का घेत नाही?"

लीलावतींचं पाचवीचं पुस्तक इथे संपलं. त्या मराठीत म्हणाल्या, "घिऊन काय करू? विमान काय त्या कपाटातनं सुटतंय? हिनंच तिकीट काढाय पायजे."

नियम पाच असूनही सगळे साक्षीकडे बघू लागले. तिने शब्दन् शब्द सांगितलं. त्या दुपारचं तिचं ते पहिलं पूर्ण भाषांतर.

"लक्षण आठवं," ओफोरींनी वाचलं. "निघून जाता येईल की नाही याबद्दल चुकीची माहिती दिली जाते."

"विमानं बंद हाईत म्हणती."

"त्या म्हणतात, विमानं बंद आहेत असं मी सांगितलंय," साक्षी म्हणाली.

"बंद?" नोराबाई भोळेपणाने म्हणाल्या. "दूतावासाची विमानं मे महिन्यापासून जातायत की. तूच सांगितलंस ना मला? तुझी ती मैत्रीण, वृंदा. तिचे सासू-सासरे सप्टेंबरात गेले म्हणून."

कोंबडा आरवला. लीलावतींना इंग्रजी बोलायला पाचवीपुरतं येत होतं. समजायला बरंच जास्त. त्यांनी मान वळवली.

"व्हय गं?"

साक्षीने मटकीच्या ताटाकडे बघितलं. त्यातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"साक्षी नाव ठिवलं तुझं," लीलावती म्हणाल्या. "आरोपी ठिवाय पायजे हुतं."

"आई, मला भीती वाटत होती. तुला काही झालं असतं तर?"

"मग भीती वाटती म्हणायचं. विमानाला कशाला बंद पाडायचं?"

बारापैकी अकरा रकान्यांत खुणा झाल्या. बारावं लक्षण मारहाण. त्यावर लीलावती म्हणाल्या, "शी कॅनॉट. आय ॲम हर मदर," आणि तो एक रकाना कोरा राहिला. साक्षीने त्याकडे कृतज्ञतेने बघितलं.

तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती, जी घाईत सगळे विसरतात. मिसेस फिरी विसरल्या नाहीत. "तक्रारदाराला काय हवं आहे?"

"मत द्यायचंय."

"कुणाला?" ओफोरी बोलून गेले.

"मिस्टर ओफोरी!" मिसेस फिरी कडाडल्या. "हे विचारायचं असतं?"

"इच्यारू दे," लीलावती म्हणाल्या. "आमच्या भावजींच्या विरुद्ध. तेहेतीस वर्षं देती. जे कोण समोर उभं असंल त्येला. भावजींना वाटतंय, घरातलं मत हाय, जातंय कुठं?"

साक्षीने भाषांतर पूर्ण केलं आणि मग तिला त्याचा अर्थ लागला. रविंद्रकाका! जत्रेला खाऊ आणणारे, दर निवडणुकीत आईला स्वतःच्या गाडीतून मतदानाला नेणारे काका. "आई! रविंद्रकाकांच्या विरुद्ध? का?"

"गुप्त मतदान असतंय."

"आत्ता बावीस जणांना सांगितलंस!"

"ते काय आपल्या वॉर्डातलं हाईत?"

वर्गाने निकाल दिला : आठ दिवसांत पासपोर्ट परत, आणि तिकीट. पुढच्या गुरुवारी लीलावतींनी पासपोर्ट कॅमेऱ्यापुढे धरला. मिसेस फिरींनी फोटोचं पान उघडायला लावलं, तारीख संपली नाही ना ते बघितलं, मग टाळ्या झाल्या. मग दोन दिवस पासपोर्ट घरात सापडेना. लीलावतींनी तो तांदळाच्या डब्यात जपून ठेवला होता आणि जागा विसरल्या होत्या. साक्षीने तांदूळ परातीत ओतून तो शोधला आणि आईच्या हातात दिला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डब्लिनहून विमान सुटलं. विमानतळावर साक्षी रडली. लीलावतींनी मास्कच्या वरून तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "इरजण ठिवलंय. दुधाला जास्त ऊन करू नगो. आन् तक्त्यात एकटी भाईर जाण्यापुढं त्ये 'क्वचित' लिवलंय, त्ये खोड."

पंधरा जानेवारीला वर्गाच्या ग्रुपवर शाई लावलेल्या बोटाचा फोटो आला. बावीस अंगठे वर झाले. मिसेस फिरींनी कोंबड्याचा आवाज पाठवला.

त्याच संध्याकाळी दुसरा फोटो आला, तो फक्त साक्षीला. चावडीसमोर रविंद्रकाकांनी दहा फुटी फ्लेक्स लावला होता : 'थेट आयर्लंडहून खास मतदानासाठी! आमच्या वहिनीसाहेब सौ. लीलावती यांचे जाहीर आभार.' वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, पण फ्लेक्सवाल्याने सवयीने सौ. लिहिलं होतं. फ्लेक्सखाली लीलावती उभ्या होत्या, हात जोडून, अगदी पाचवीच्या पुस्तकातल्यासारख्या ताठ.

तीन दिवसांनी निकाल लागला, काका एक्केचाळीस मतांनी निवडून आले. साक्षीने फोन केला.

"आई, एवढं जाऊन उपयोग काय झाला?"

"बेचाळीसनं येणार हुते," लीलावती म्हणाल्या. मागे गिरणीचा पट्टा फटफटत होता. "दही लागलं का?"

"लागलं. ग्रँड."

१९८७ साली, त्या गावातल्या लीलावतींच्या पहिल्या मतदानाला, 'वहिनींना कळायचं न्हाई' असं म्हणून त्यांच्या मतपत्रिकेवरचा शिक्का रविंद्र यांनी मारला होता.