धोंडबाच्या घरचं जेवण

"सांगतो, पण तुमच्यातल्या एकाचाबी विश्वास बसणार नाई. पाहा मंग!"

असं म्हणून गिरिधर देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायला उभा राहिला, आणि मेकोसाबाग वस्तीतल्या त्याच्याच एवढ्याशा घरात शुक्रवारच्या प्रार्थनेला दाटीवाटीनं बसलेली मंडळी आधीच हसू लागली.

गिरिधर जन्मभर मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता. चिकटलेली पट्टी काढताना रोग्यानं ओरडू नये म्हणून तो थापा मारायचा. पेंचच्या वाघाच्या पंजातला काटा आपण काढला आणि वाघ दर दिवाळीला सांबराची तंगडी पाठवतो, वगैरे. रोगी हसायचा, तेवढ्यात पट्टी निघालेली असायची. नोकरी संपली, सवय उरली. आज मात्र त्याला कुणीतरी खरं मानायला हवं होतं.

गेल्या महिन्यात चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी पाळकसाहेबांनी बजावलं होतं, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी जाऊन समेट करावा, मगच भाकरीला हात लावावा. ते म्हणाले होते, देवाचं ऐकणं हेच विश्वासणाऱ्याचं जेवण. ऐकून तर पाहा, आत्मा तृप्त होतो की नाही! गिरिधरचं वाकडं एकाच माणसाशी होतं, सावनेरकडच्या गावात राहणाऱ्या थोरल्या भावाशी, धोंडबाशी. गिरिधरनं बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी धोंडबानं त्याचं ताट उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं होतं. तेव्हापासून गिरिधरनं त्या गावचं नाव घेतलं नव्हतं. परवा मात्र तो गेला.

"सावनेरच्या स्टँडवर उतरलो," त्यानं सुरुवात केली. इथवर खरं होतं; त्याच्या गोष्टीचं पहिलं वाक्य नेहमी खरंच असे. "तं समोर धोंडबाभाऊ! एका पायात चप्पल, एका पायात बूट."

"पण त्याले कळवलं कोणं गा?" शेजारच्या अमोलनं विचारलं.

"देवानं! तुया मोबाईलवानी त्याचं नेटवर्क जाते का? भाऊ म्हणे, गाय सकाळपासून दूध देऊन नाई राहिली, तवाच समजलो का गिऱ्या येऊन राहिला."

खोली खदखदली. गिरिधरला चेव आला.

"मले चुलीपाशी बसवलं, आपल्या शेजारी. वडाभात, कढी, अन् पुरणपोळी अशी का दोघं जण धरून वाढत. तूप कोपरापर्यंत आलं. पुरे म्हणलं तं भाऊ रडे! म्हणे, गिऱ्या, इतकी वर्षं तुया वाट्याचंबी मीच खाल्लं, म्हणून तं मले शुगर झाली."

हसता हसता दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले. गिरिधरला मात्र परवाचं, धोंडबाच्या घराचं खरं फाटक दिसत होतं. धोंडबा ओसरीवर बसून होता. उठला नाही. आत ताटं मांडल्याचा आवाज आला, नातवंडांना हाका गेल्या. "भाऊ, मनात काही ठेवू नको," गिरिधर फाटकाबाहेरूनच म्हणाला. धोंडबानं विचारलं, "परतीची गाडी कवाची हाय?"

देवाचं ऐकल्यावर जी तृप्ती मिळते असं पाळकसाहेब म्हणाले होते, तिची त्यानं फाटकाशी वाट पाहिली, एसटीत पाहिली. अजून पाहतच होता. जोरात सांगितलं तर येईल, असं काहीसं त्याच्या मनात असावं.

"तवापासून मले भूकच नाई," तो म्हणाला. "देवाचं ऐकलं, अन् पोट भरलं."

"हालेलुया!" पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात भिंतीला हात टेकत मंडळीतली रीना उभी राहिली. दिवस भरत आलेले. तिनं बाप्तिस्मा घेतल्यापासून पारशिवनीला तिच्या माहेरी तिचा फोनही कुणी उचलत नव्हतं.

"काका, मीबी उद्याच माहेरी जाणार," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "तुमच्या भावानं जवळ बसवलं, तं माही माय मले बाहेर ठेवंल काय? ऐन जेवणाच्या टायमालेच जाणार."

 गिरिधरच्या थापेनं आजवर माणसाला दुखणं विसरायला लावलं होतं, कुणाला दुखण्याकडे धाडलं नव्हतं. 'नको जाऊ' हे शब्द जिभेवर आले. पण ते बोलायचे तर धोंडबाच्या चुलीपासून उठून पुन्हा फाटकाबाहेर उभं राहावं लागणार होतं.

पाळकसाहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला उठले.

गिरिधरची बायको सुभद्रा मघाच चहा टाकायला आत गेली होती. आतून सगळं ऐकून ती दारात येऊन उभी राहिली.

"थांबा साहेब. हे खोटं बोलून राहिले. तिथं ह्यांले कोणं पाणीबी विचारलं नसंल. परवा घरी आले अन् झाकण काढून गंजातला सकाळचा भात उभ्या उभ्यानं खाल्ला. चूळबी नाई भरली. मी पाह्यलं."

कुणी हसलं नाही. सुभद्रानं नवऱ्याकडे बघितलंही नाही.

"देवानं सांगतलं तं जा वं पोरी," ती रीनाला म्हणाली. "मी नाई अडवत. पण घरून जेवून जाजो."