कुंकवाने चुकवलेला नेम

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. नावाने उंदीर, पण कुरतडणे माझ्या स्वभावात नाही. माझ्या पोटात एक रबरी गोळी आहे. तुम्ही मला टेबलावर सरकवलेत की ती गोळी फिरते, तिच्यामुळे पोटातले दोन बारीक रूळ फिरतात आणि तिकडे पडद्यावरचा बाण हलतो. मला डोळे नाहीत. मी जग ओळखतो ते माणसांच्या बोलण्यावरून आणि तळहातांवरून, आणि तळहात सहसा खोटे बोलत नाहीत.

माझा जन्म कुठल्याशा दूरदेशीच्या कारखान्यात झाला, पण माझे आयुष्य गेले नाशिकला, सातपूरमध्ये. वाल्मीकदादा आधी एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने सायबर कॅफे काढला. सकाळी त्याची आई, गोजरामावशी, आम्हाला फडक्याने पुसायची आणि दुपारी कॉलेजची मुले यायची. त्या दिवसांत माझा केवढा तोरा होता! मुले धावत येऊन माझीच खुर्ची पकडायची.

मग कॅफेत तो गेम आला. सैनिकांचा, बंदुकांचा. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक होते, म्हणून सगळे त्याला ‘फौज’ म्हणत. संगणकाच्या मासिकाने त्याला दहापैकी दहा गुण दिले होते. स्वराज नावाचा मुलगा ते मासिक बगलेत घेऊनच हिंडे. “याच्यासारखा गेम झाला नाही आणि होणार नाही,” असे तो येईल त्याला ऐकवायचा.

त्याच्या वर्गातली सई मात्र सारखे प्रश्न विचारणारी. “अरे, पण त्यात इतकं भारी काय आहे?” मलाही तेच जाणून घ्यायचे होते, पण माझे कोण ऐकणार?

सईला कॉलेजच्या भित्तिपत्रकात या गेमवर लिहायचे होते. स्वतःच्या नावाने ती पहिल्यांदाच काही लिहिणार होती. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. पण काय सांगू, ती मला उजवीकडे न्यायची आणि बंदूक आभाळाकडे बघायची. शत्रू समोर आणि गोळी भिंतीत! माझे पोट जड झाले होते, रूळ अडत होते. ओरडून सांगावेसे वाटले, पण आम्हाला तोंड कुठे असते?

सई वैतागून उठली आणि तिने लिहिले, ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! या गेममध्ये साधा नेमही लागत नाही.’ लेख भिंतीवर लागला आणि स्वराज खवळला. “तुला खेळता येत नाही, म्हणून गेम वाईट?” तो सगळ्यांसमोर म्हणाला. मुले हसली. सई तशीच कॅफेत आली. तिने मला धरून एकेका दिशेला हळूहळू सरकवून पाहिले. माझ्यामुळे तिचे हसे झाले, याचे मला फार वाईट वाटले.

“दादा, हा माऊस अडतोय का बघा ना,” ती म्हणाली.

वाल्मीकदादाने मला उलटे करून झाकण उघडले. गोळी हातावर पडली ती लालभडक! रुळांना हळदकुंकवाचा लगदा चिकटून पार वाळला होता.

“आई, हे काय गं?”

“दसऱ्याला लावलं की,” गोजरामावशी म्हणाली. “तू कारखान्यात मशिनीला लावायचा, तसंच. वर लावलं तर पोरांचे हात लाल व्हतील, म्हनून पोटाला लावलं. चुकलं का काही?”

वाल्मीकदादा कपाळाला हात लावून हसू लागला. स्वराजही तिथेच होता, त्याला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “बघ! गेमचा दोष नव्हताच. आता लिही, दहापैकी दहा!”

“आधी खेळू तर दे,” सई म्हणाली.

दादाने मला स्वच्छ पुसले. आता नेम अचूक लागू लागला. सईचा हात सैल झाला, मग रंगात आला. लढाई खरोखर छान होती, हे मीही कबूल करतो. पण मधे एक मोठा भाग येतो. कप्तान पुढे चालतो, आपण नुसते मागून जायचे, आणि त्याने उघडल्याशिवाय एकही दार उघडत नाही. तिथे सई थांबली. “हा भाग तू खेळ,” ती स्वराजला म्हणाली.

मला ठाऊक होते काय होणार ते. लढाईत स्वराजचा तळहात घामाने ओला असतो. इथे मात्र नेहमीसारखी त्याची दोनच बोटे माझ्यावर उरली आणि दुसरा हात वडापावकडे गेला. सई ते बघत होती.

“खरं सांग, इथे मजा येते?”

“मासिकात दहापैकी दहा दिलेत गं.”

“मासिकाला नाही विचारलं, तुला विचारलंय.”

स्वराजने वडापाव खाली ठेवला. “नाही येत,” तो हळूच म्हणाला. “कंटाळाच येतो. मला वाटायचं, फक्त मलाच येतो.”

सईने भिंतीवरचा लेख स्वतः काढला आणि नवा लावला. त्यात तिने आधी स्वतःची चूक सांगितली, कुंकवासकट. मग लिहिले, ‘गेम चांगला आहे, पण लोकांनी त्याला उगाच डोक्यावर घेतलंय. मधला भाग कंटाळवाणा आहे.’ खाली दोन नावे होती, सई आणि स्वराज. या वेळी हसणारे कोणी नव्हते.

पुढे पोटात लाल दिवा असलेले नवे माऊस आले आणि मी माळ्यावरच्या खोक्यात गेलो. मित्रांनो, एखादी गोष्ट बिघडलीशी वाटली तर तिला नावे ठेवण्याआधी एकदा उलटी करून बघा. आणि सारे जग वाहवा करत असले, तरी स्वतःच्या हाताला काय वाटते ते विचारा.

मला इथे धूळ खात पडायचे दुःख आहेच. पण दर दसऱ्याला गोजरामावशी खोके खाली उतरवायला लावते, मला हातात घेते आणि माझ्या वायरीला कुंकवाचे बोट लावते. “पोटाला नाय लावत रे बाबा,” ती म्हणते, “भिऊ नको.”