दुसरा शेवट

"झगा उलटा शिवलाय," शिंपी म्हणाला. "अस्तर बाहेर आणि कापड आत. तीनशे वर्षं जगलेला पिशाच, आणि त्याला एक धड शिंपी मिळू नये?"

सगळे हसले. रविवारची दुपार होती. शिंप्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर चारजण चहाचे कप घेऊन बसले होते. जुने, भुताखेतांचे, आता कोणी बघत नाही असे सिनेमे बघायचे हा त्यांचा नाद. शिंप्याकडे अशा सिनेमांच्या डिस्कचं कपाटच होतं. दर आठवड्याला त्यातली एक घरी न्यायची, बघायची आणि रविवारी येऊन सांगायचं. गुण द्यायचे ते दचक्यांत. जितक्या वेळा दचकलात तितके गुण.

"माझा शून्य," सिस्टर म्हणाल्या. त्या निवृत्त नर्स होत्या. "माणूस मरून बारा तास झाले म्हणतात आणि प्रेत उचललं तर ओल्या टॉवेलसारखं लोंबतंय. अरे, लाकूड व्हायला हवं एव्हाना! मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली."

"तुम्ही सिनेमा बघता की तपासणीला बसता?" कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली. ती या टोळीत नवीन होती. तिला सगळे औषधवाली म्हणत. "माझा बाहुलीचा सिनेमा मला आवडला. चार दचके. आणि तेही भर दुपारी, पडदे उघडे ठेवून."

"लिफ्टवाले, तुमचं?" शिंप्याने विचारलं.

बायको गेल्यापासूनचे चौदा रविवार लिफ्टवाला "पुढच्या वेळी" एवढंच म्हणत आला होता. यायचा, चहा प्यायचा, कप विसळून ठेवायचा, जायचा. आज मात्र त्याला बोलायचं होतं. मंगळवारपासून एक प्रश्न त्याच्या डोक्यात होता आणि त्याचं उत्तर कोणाकडे असलंच तर या खोलीत असणार होतं.

खरं तर हा नाद त्याचा नव्हताच, बायकोचा होता. त्याने एकतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली. अंधाऱ्या खड्ड्यात उतरून, डोक्यावर टनभर लोखंड लटकत असताना तो शीळ घालत काम करायचा. पण पडद्यावर नुसतं दार करकरलं की याचे डोळे गच्च. बायको म्हणायची, "अहो, नुसते शेजारी बसा. डोळे मिटा हवं तर. मी सांगते ना काय चाललंय ते."

आणि ती सांगायची. हा डोळे मिटून विचारायचा, "हे काय वाजलं?" ती म्हणायची, "काही नाही, मांजर आहे." भीतीचा भाग संपला की त्याच्या डाव्या मनगटावर बोटाने दोनदा टिचकी मारायची. "झालं. उघडा." बावीस वर्षं असं चाललं. रविवारी तो छाती पुढे काढून सांगायचा, "चांगला सिनेमा. शेवट गोड. दचके शून्य." मग सगळे हसायचे. आपल्या धीटपणाला हसतात, असं त्याला वाटायचं.

तिचा सगळ्यांत लाडका सिनेमा काळापांढरा होता. एका नावाड्याची बायको नदीत बुडते आणि वर्षाने ओल्या पावलांनी घराकडे चालत येते. तो त्यांनी निदान पाच वेळा पाहिला, म्हणजे तिने पाहिला. पावलं दिसली की याचे डोळे मिटलेले. मग ठकठक ऐकू यायची, हातोड्याची.

"आता हा काय ठोकतोय?"

"तिची खुर्ची मोडली होती ना, ती नीट करतोय. तिला बसायला नको?"

मग दारावर थाप पडायची. पुन्हा थाप. मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

"उघडलं त्याने दार. आली ती आत. दोघं बसलेत." टिचकी, टिचकी. "झालं. उघडा."

दवाखान्यात, अगदी शेवटच्या आठवड्यात, ती त्याला म्हणाली होती, "तोंड पाडून बसू नका. ती बाई आली तशी येईन मी. दाराला कडी तेवढी घालू नका." आणि हसली होती. हसताना खोकला आला, म्हणून ते बोलणं तिथेच राहिलं.

भुतांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. आयुष्य नटबोल्टमध्ये गेलेला माणूस. पण चौदा आठवडे झोपताना त्याचा हात कडीकडे गेला नव्हता. समोरच्या आजी दोनदा रागावल्या होत्या, "चोराला आमंत्रण देताय का?" तो म्हणाला होता, "विसरायला होतं."

आणि मंगळवारी त्याने तो सिनेमा लावला. डिस्क यंत्रातच होती, तिने ठेवलेली. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागले.

नावाडी खुर्ची दुरुस्त करत नव्हता. तो दाराला आतून फळ्या ठोकत होता. एकावर एक, सहा फळ्या. बायको बाहेरून थापा मारत राहिली, त्याला नावाने हाक मारत राहिली. मग थाप थांबली. सकाळी दाराबाहेर पाणी साचलेलं होतं, एवढंच.

"सिनेमा तुम्हाला माहीत आहे, नावाड्याचा," लिफ्टवाला म्हणाला. "मला एक विचारायचंय. मागे तुम्हीच सांगत होतात की काही सिनेमांना दोन शेवट असतात. एक थिएटरात दाखवलेला, एक कापून टाकलेला. मग याला... याला दुसरा शेवट आहे का? तो दार उघडतो असा?"

शिंप्याने टेप गळ्यातून काढली आणि बोटाभोवती गुंडाळू लागला. "असेल की. जुने सिनेमे, कुठे कुठे काय काय कापलं, कोण बघतंय? परदेशी प्रतीत असेल. मी चौकशी करतो. मिळेल नक्की."

गिऱ्हाइकाला "गुरुवारी नक्की मिळेल" म्हणतानाचा हाच आवाज. लिफ्टवाल्याने याच माणसाकडून तीन पॅन्ट शिवून घेतल्या होत्या. त्याला तो आवाज पाठ होता.

त्याने औषधवालीकडे पाहिलं. "तुम्ही बघितलाय?"

तिने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरांनी मान खाली घातली.

"एकच शेवट आहे, काका," औषधवाली हळू म्हणाली. "त्याच्यावर लिहिलेलं सगळं मी वाचलंय. दुसरा कधी काढलाच नाही."

"अगं, तुला कोणी विचारलं होतं?" शिंपी तडकला.

"त्यांनीच विचारलं ना!"

"भांडू नका," लिफ्टवाला म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं. मी इथे बसून जे सांगायचो, ते तसं नसायचं, हे."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच्या आदल्या रविवारी वहिनी एकट्या आल्या होत्या. म्हणाल्या, आमचे हे डोळे मिटून बघतात. मी त्यांना माझा शेवट सांगते. कोणी मोडू नका."

"सगळेच?"

"सगळेच शेवट त्यांचे," शिंपी म्हणाला. "खरं सांगू? आम्ही तुमच्या पाळीची वाट बघायचो. सिनेमा तर आम्हाला पाठ असायचा."

लिफ्टवाला थोडं हसला. बावीस वर्षं ज्याला सगळे हसत होते, ते आज त्याला कळलं होतं आणि त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं: ती बाई आली तशी येईन, म्हणाली होती बायको, आणि ती बाई तर आत आलीच नव्हती. ते या तिघांना सांगून उपयोग नव्हता.

"दचके किती ते सांगा," शिंपी उगाच म्हणाला. "वहीत लिहायला."

"एक," लिफ्टवाला म्हणाला. उठला, कप विसळून पालथा घातला आणि शटरखालून वाकून बाहेर पडला.

घरी पोचला तेव्हा उजेड होता. दार नुसतं लोटलेलं होतं, जाताना ठेवलेलं तसंच. आत येऊन त्याने ते लावलं आणि कडीकडे हात नेला. कडी धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग सोडून दिली. घालायचं कारण उरलं नव्हतं आणि न घालायचंही.

सिनेमा त्याने पुन्हा लावला. दोन खुर्च्या होत्या, तो आपल्या खुर्चीत बसला. ओली पावलं दिसली तसे त्याने डोळे मिटले.

हातोड्याची ठकठक सुरू झाली. त्याने मोजली. एक फळी, दोन, सहा. मग थाप. ती हाक मारत होती, ते त्याला पूर्वी कधी ऐकू कसं आलं नाही? त्या वेळी बायको बोलत असणार, जरा मोठ्याने.

"खुर्ची नीट करतोय," त्याने म्हणून पाहिलं. आवाज त्याचाच आला.

थाप थांबली. संगीत झालं, संपलं. यंत्राने डिस्क फिरवायची थांबवली. खाली रस्त्यावर कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो डोळे मिटूनच बसला होता. डावं मनगट शेजारच्या खुर्चीच्या हातावर ठेवलेलं होतं, बाहीची गुंडी काढून.